जाळीखालचं हाड

आधी हसून घ्या. मी जे सांगायला बसलोय त्याची सुरुवात एका एअर फ्रायरपासून होते, आणि स्वयंपाकघरातल्या एका डब्यापायी माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो हे ऐकायला हास्यास्पदच आहे. हसून झालं की मग ऐका. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. पुण्यातल्या लेकीला नाही. आई गेली तेव्हा शेवटचे अकरा दिवस तिच्या उशाशी बसून होतो, तिलाही नाही. आणि ज्याला सांगायची गरजच नाही, कारण त्याला सगळं माहीत आहे — त्याच्यासमोर तर माझं तोंडच उघडत नाही. राहिलात तुम्ही.

मी गणिताचा मास्तर. मूळचा बोरीचा, नोकरीपायी मानवतला घर केलं, आणि जवळच्याच एका गावातल्या हायस्कुलात तीस वर्षं फळा खडूनं भरतोय. स्वभाव तिरकस आहे, असं बायको म्हणते. पोरं मला घाबरतात. गावात माझं नाव ‘तोंडावर बोलणारा माणूस’ असं आहे. तोंडावर बोलणारा! हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय आणि मला माझीच कीव येतेय.

तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या रक्तात चरबी निघाली. डॉक्टरनी तळलेलं बंद केलं. लेकीनं पुण्याहून लगेच एअर फ्रायर पाठवला. काळा, चकचकीत, पाण्याच्या छोट्या माठाएवढा. आईनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “ह्यात जाळ कुठं हाय?” जाळ नाही, नुसता गरम वारा फिरतो, असं सांगितल्यावर ती म्हणाली, “मग उन्हाळ्यात दारात ठेवलं तरी भाजंल की समदं.” पण पुढं तिलाच ते यंत्र आवडायला लागलं. तेलकट तिला पचायचं नाही. पापड, कुरडया, उपासाचे वडे सगळं त्यातच.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वडील गेल्यापासून. म्हणजे आमच्या घरात अंडंसुद्धा नाही. मी बाहेर मटण खातो हे आईला ठाऊक होतं. ती फक्त एवढंच म्हणायची की खाऊन आलास तर आंघोळ केल्याशिवाय देवघराकडं येऊ नको. हा आमच्या घरचा तह होता आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला जायचा. तुमच्या घरीही असेल असा एखादा.

आता उत्तमबद्दल सांगतो. सांगायचं टाळतच होतो, तुमच्या लक्षात आलं असेल.

उत्तम खंदारे. आमच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक. बौद्ध. मोठ्या मेहनतीनं शिकलेला, बोलायला कमी, आणि प्रयोगशाळेतली एकेक परीक्षानळी स्वतः धुऊन पालथी घालणारा. तो रुजू झाला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एक रीत होती, म्हणजे कागदावर नव्हती, पण होती. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे टेबलाच्या मधोमध, वर्तमानपत्रावर. ज्यानं त्यानं हवं ते घ्यायचं. उत्तम मात्र आपला डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचा. त्याला कुणी ‘तिकडं बस’ म्हटलं नव्हतं. ‘इकडं ये’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. चार महिने मी पाहिलं, आणि एक दिवस उठून त्याच्या मांडीवरचा डबा उचलला, मधोमध ठेवला, त्यातली भाकरी मोडली आणि शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. त्याच्या बायकोच्या हातची चटणी. लसूण उखळात कुटून केलेली. हां हां म्हणता सगळ्यांचे हात त्या डब्यात गेले. पुढं तर त्या चटणीवरून भांडणं व्हायची.

या गोष्टीचा मला फार अभिमान होता. इतका, की दर एप्रिलला शाळेत जयंतीचा कार्यक्रम झाला की मी भाषणात ती सांगायचो. पोरं टाळ्या वाजवायची. उत्तम खाली बघून हसायचा. हे लक्षात ठेवा, मला यावर परत यायचं आहे.

त्याच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं. एका रविवारी गेलो तर चुलीवर काहीतरी शिजत होतं आणि वास असा, की मी पायातली चप्पल काढतानाच विचारलं, काय बेत आहे? उत्तम उठून उभा राहिला. म्हणाला, “सर, डुकराचं हाय. तुमी नका खाऊ. वहिनी तुमच्यासाठी पिठलं टाकंल.” बायकोला तो माझ्यासमोर वहिनीच म्हणायचा, माझ्या नात्यानं. बघा — त्यानं मला सांगितलं होतं. पहिल्याच वेळी, पहिल्याच वाक्यात. मी विचार केला का? केला. आमच्याकडं या जनावराचं नाव जेवताना घेत नाहीत. तरी मी बसलो आणि म्हणालो, वाढा. आणि खरं सांगू? तसं मटण मी आयुष्यात खाल्लं नव्हतं.

मग ती सवयच झाली. महिन्यातून एखादा रविवार. पिंगळीच्या पुढं एका माणसानं शेतात पांढरी डुकरं पाळलेली होती, सिमेंटचा गोठा, पाण्याचे नळ, मका आणि पेंड खाणारी. उत्तम पहाटे मोटारसायकल काढून तिथून मटण आणायचा. गावात कुणाला कळायचं नाही, त्याचं कारण तो नव्हता. त्याला लपवायचं काहीच नव्हतं. लपवायचं मला होतं.

एअर फ्रायर आला तेव्हा मीच त्याला शाळेत सांगितलं की असं असं यंत्र आलंय, चरबी खाली गळते आणि पदार्थ वर भाजून निघतो. विज्ञानाचा माणूस! त्याचे डोळे चमकले. म्हणाला, बरगड्या करून बघू. तळायचं नाही, रस्सा नाही, तुमच्या डॉक्टरचंही ऐकल्यासारखं होईल.

आणि मी — चोपन्न वर्षांचा माणूस, गणिताचा मास्तर — तो एअर फ्रायर पोत्यात घालून स्कूटरवर पायांमध्ये धरून गावाच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊ लागलो. घरी सांगायचो, खंदारे सरांना शेंगदाणे भाजून घ्यायचेत. आणि ते खोटं पडू नये म्हणून वहिनी खरोखरच शेवटी दोन किलो शेंगदाणे त्यात भाजायची आणि त्यातले किलोभर माझ्याबरोबर पाठवायची. शेंगदाण्यांनी यंत्राचा वासही जायचा. आई ते शेंगदाणे घ्यायची. तिच्या हिशेबात कोरड्या जिन्नसाला बाट नसते, कोणाच्याही घरचा असो. त्याचा कूट उपासाच्या खिचडीत पडायचा.

त्या रविवारांबद्दल मी कितीही लिहीन. उत्तम बरगडीच्या मागचा पातळ पापुद्रा फडक्यानं धरून एका झटक्यात ओढून काढायचा. आलं, लसूण, हळद, लिंबू, वहिनीचा काळा मसाला. तासभर मुरवत ठेवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा चरबी खाली जळली आणि घरभर धूर. उत्तमनं विचार करून पुढच्या वेळी खालच्या भांड्यात वाटीभर पाणी घातलं, धूर गायब. आधी मंद पंचवीस मिनिटं, मग आच चढवून दहा. कडा कुरकुरीत, आतलं मांस हाडापासून सुटलेलं. गळालेली चरबी तो काचेच्या नळीत मोजायचा आणि मला दाखवायचा. “सर, एवढी तुमच्या पोटात गेली न्हाई. डॉक्टरला सांगा.” मी इतका हसायचो की वहिनी आतून विचारायची, काय झालं.

यंत्र वहिनी धुवायची. राख आणि लिंबू लावून, जाळी काढून, खालचं भांडं वेगळं करून. आणि त्याच यंत्रातले उपासाचे वडे दुसऱ्या दिवशी आई खायची. हे मला माहीत होतं का? होतं. मी स्वतःला सांगायचो, पाण्यानं लोखंड शुद्ध होतं, भांड्याला काय कळतंय. पण हाही माझा गुन्हा नाही, म्हणजे आहे, पण तो नाही. त्याच्याकडं अजून यायचंय. येतो.

शिवरात्रीच्या आदल्या रविवारी वहिनी लेकीकडं गेली होती. आम्ही दोघंच होतो. खाणं झालं, आणि उत्तम म्हणाला, राहू द्या सर, मी धुतो. मी म्हणालो, मी करतो. आणि मी नळाखाली धरलं, गरम पाणी ओतलं, फडकं फिरवलं, आणि जाळी उचललीच नाही. का नाही उचलली? आळस. दुसरं काही नाही. पोट भरलेलं होतं आणि डोळ्यांवर झापड येत होती. शेंगदाणेही त्या दिवशी भाजले नाहीत.

शिवरात्रीला बायकोचा भाऊ दत्ता महादेवाला निघाला होता, वाटेत शेतातली रताळी द्यायला आला. आई दोन साबुदाण्याचे वडे खाऊन पाटावर बसली होती. त्याच यंत्रातले वडे. बायको म्हणाली, थांब, रताळी भाजून देते, खाऊनच जा. रताळी मोठी होती, मावत नव्हती. म्हणून तिनं जाळी उचलली.

खाली बोटाच्या पेराएवढं एक हाड होतं. तपकिरी. त्याच्याभोवती पांढरी चरबी थिजलेली.

तिला आधी ते दालचिनीचं लाकूड वाटलं. तिनं ते हातात घेतलं. मग तिनं ते सोडलं, आणि तो आवाज — फरशीवर हाडाचा एवढासा आवाज — मला अजून ऐकू येतो. दत्तानं वाकून उचललं. तो शेळ्या पाळतो, बाजारात विकतो. त्यानं ते उजेडात धरलं, बोटांत फिरवलं. “दाजी,” तो म्हणाला, “हे बकऱ्याचं न्हाई. बकऱ्याची बरगडी चापट असती.” मग हळू आवाजात: “डुकराचं हाय का काय हे?”

आई उठली. भिंतीला धरून न्हाणीत गेली. तिनं घशात बोटं घातली ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ओकली, पुन्हा ओकली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात माळ नव्हती. हातात होती. ती तिनं देवघरासमोर जमिनीवर ठेवली, आत ठेवली नाही. एकोणीस वर्षांत मी आईचा गळा मोकळा पाहिला नव्हता.

तिनं मला एवढंच विचारलं, “तू खाल्लं का रं?”

त्या प्रश्नाला हो आणि नाही, दोनच उत्तरं होती. मला दोन्ही येत नव्हती. आणि मग माझ्या तोंडातून तिसरंच निघालं. मी ठरवलं नव्हतं, शपथ घ्यायला लावू नका, पण खरंच ठरवलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, खंदारेनं फसवलं मला. बकऱ्याचं मटण म्हणून खाऊ घातलं.

हाच तो. हाच माझा गुन्हा. एवढंच वाक्य.

मी ते बोललो आणि स्वतःच दचकलो — हे कोण बोललं? पण त्याहून मोठा धक्का पुढचा होता. कुणी एक प्रश्न विचारला नाही. एकही नाही! बायकोनं विचारलं नाही की यंत्र तर तुम्हीच घेऊन जाता. दत्तानं विचारलं नाही की बकऱ्याचं हाड तुम्हाला ओळखू येत नाही का, दाजी. आईनं, जिनं उत्तमला दर संक्रांतीला गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या, तिनंही नाही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “माज्या लेकराला फसीवलं रे,” म्हणाली. माझं खोटं इतकं कच्चं होतं की आठवीतलं पोरगं पकडेल. ते खरं ठरवायला मला काही करावंच लागलं नाही. त्यासाठी जागा आधीच तयार होती — प्रत्येकाच्या मनात. माझ्याही मनात असणार, नाहीतर ते वाक्य आलं कुठून?

दत्ता पेटला. त्यानं एअर फ्रायर उचलला, मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि थेट उत्तमच्या दारात. मी मागं बसलो होतो. उतरू शकलो असतो. वाटेत दोन गतिरोधक लागले, दोन्हीकडं गाडी हळू झाली होती.

उत्तम अंगणात तुळशीला, नाही, तुळस नव्हे — जास्वंदीला पाणी घालत होता. बघा, मी अजूनही त्याच्या अंगणात माझ्या घरची झाडं लावतोय. वहिनी लेकीकडून परत आली होती, दारात बसून तांदूळ निवडत होती. दत्तानं यंत्र धाडकन ओट्यावर ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. काय काय बोलला ते मी इथं लिहिणार नाही. जातीवर गेला. फसवून बाटवलं म्हणाला.

उत्तम त्याच्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. वाट बघत होता. तुम्हाला कधी कुणी असा वेळ दिलाय का? तो पोरांना फळ्यासमोर उभं करायचा तेव्हा असाच थांबायचा. उत्तर येत असलेल्या पोरासाठी. मी त्याच्या चपलांकडं बघितलं. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

वहिनी उठली. सुपातले तांदूळ सांडले. “काय बोलायलाव तुमी? सरांनी मागून मागून—”

“थांब,” उत्तम म्हणाला.

तेवढ्यात दत्ता म्हणाला की म्हातारीनं माळ काढून ठेवलीय, तेव्हापासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. उत्तमनं हातातला तांब्या खाली ठेवला. “आईनं माळ काढली?” त्यानं विचारलं, आणि हे त्यानं मला विचारलं. मी मान हलवली. मग तो दत्ताकडं वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “हो. मीच दिलं. सरांना माहीत नव्हतं. सरांचा काही दोष न्हाई, आईला सांगा.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी जे खोटं बोललो होतो ते त्यानं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, आणि मी — मी ते ठेवू दिलं. माझ्या तोंडून ‘नाही’ एवढं निघायला किती वेळ लागला असता? दत्ता थुंकला, गाडी सुरू केली, आणि मी पुन्हा मागं बसलो. एअर फ्रायर तिथंच राहिला.

आईनं दुसऱ्या दिवशी नवी माळ घातली. लेकरू फसलं होतं, त्यानं केलं नव्हतं. तेवढ्यावर तिचं भागलं. तुम्ही म्हणाल, आईसाठी केलं. मीही कित्येक महिने तेच म्हणून बघितलं. पण त्या क्षणी मला आई दिसतच नव्हती हो. मला बोरीचे भाऊबंद दिसत होते, कॉलनीतली माणसं दिसत होती, आणि ‘डुक्कर खाणारा’ म्हणून माझ्याकडं वळलेली त्यांची तोंडं. आईचं नाव मी नंतर चिकटवलं. आईसाठी जे केलं ते त्यानं केलं.

दत्ताचं तोंड बंद राहणारं नव्हतं. दोन दिवसांत शाळेत पोचलं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, हेडमास्तर बोलावतील, काहीतरी होईल. काहीच झालं नाही. मधल्या सुट्टीत डबे मधोमध आले, उत्तमनं चटणीचा डबा नेहमीसारखा उघडून ठेवला. आणि एकही हात आला नाही. एका बाईंना त्या दिवशी ॲसिडिटी होती. एका सरांचा दात दुखत होता. कुणाला गुरुवार होता. मग सगळ्यांची नजर माझ्याकडं, आणि मी म्हणालो, डॉक्टरनी तिखट बंद केलंय.

तिसऱ्या दिवशी उत्तमनं डबा मधोमध ठेवला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो प्रयोगशाळेत जेवायला लागला, एकटा, परीक्षानळ्यांच्या मांडणीशेजारी. त्याला कुणी ‘तिकडं जा’ म्हटलं नव्हतं. ज्या डब्याला मधोमध यायला चार महिने लागले होते आणि जो पुढं वीस वर्षं तिथं राहिला, तो माझ्या एका वाक्यानं तीन दिवसांत उठला. एक सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमी एवढं केलं त्याच्यासाठी, अन् त्यानं असं फेडलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात.” मी काय म्हणालो? मी उसासा सोडला. वासे मोजणारा त्याच्या समोर बसला होता, आणि तो उसासा टाकत होता.

आता एप्रिलचं सांगतो. सांगू नये असं वाटतंय. जयंतीच्या कार्यक्रमाला मला दरवर्षीप्रमाणे बोलायला सांगितलं. मला नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. सबबी काय, आमच्या शिक्षकांच्या खोलीत ढिगानं मिळत होत्या. मी उठलो, आणि मी डब्याची गोष्ट सांगितली. तीच. मांडीवरचा डबा, मोडलेली भाकरी, चटणी. बोलता बोलता मला कळत होतं मी काय करतोय, आणि तरी वाक्यं पाठ असल्यासारखी येत होती, नेहमीच्या जागी माझा आवाज नेहमीसारखा भरूनही आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उत्तम पहिल्या रांगेत होता. त्यानंही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर त्याच्या थांबल्या.

पुढं दोन वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. ‘नमस्कार सर’, ‘नमस्कार’. वेळापत्रक, परीक्षा, पाऊस. त्यानं एकदाही विषय काढला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, म्हणून तर मी त्याच्या रागाची वाट बघायचो. गेल्या वर्षी आई गेली. माळ गळ्यात होती. आणि तेराव्याला उत्तम आला, मांडवाच्या कडेला उभा राहिला, हात जोडले, पाणीही न घेता गेला. दत्ता माझ्या कानाशी म्हणाला, “तोंड दाखवायची हिंमत बघा.” मी पंगतीत पाणी वाढायला वळलो.

मे महिन्यात उत्तम निवृत्त झाला. निरोप समारंभाला शाल, नारळ, आणि भाषणात त्याच्या प्रयोगशाळेच्या स्वच्छतेचं कौतुक.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. आई नव्हती, म्हणजे आता सबबही नव्हती. सांगायचं ठरवून गेलो होतो. वाक्य तयार केलं होतं, स्कूटरवर दोनदा म्हणूनही बघितलं. फाटक उघडलं आणि तोच वास आला. एअर फ्रायर ओट्यावर होता, आतून गरम वाऱ्याचा तो आवाज येत होता. उत्तम खुर्चीतून उठला. “या सर,” म्हणाला, जणू मागच्याच रविवारी येऊन गेलो होतो. त्याचे केस बरेच पांढरे झालेत.

मी बसलो. वहिनी बाहेर आली. तिच्या हातात ताटली होती, चार बरगड्या, बाजूला चिरलेला कांदा आणि लिंबू. तिनं ती माझ्यासमोर धरली, पण ठेवली नाही. शेजारच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती, तिलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात वहिनी म्हणाली, “सर, डुकराचं हाय. सांगून वाढायलेय.”

उत्तम म्हणाला, “अगं—”

शेजारची बाई वळून बघत होती. मी ताटली घेतली. खाल्लं. चारही. कडा कुरकुरीत होत्या, खालच्या भांड्यात पाणी घातलेलं असणार, धूर नव्हता. तयार केलेलं वाक्य मी बोललो नाही. उत्तमनं नातवाच्या शाळेबद्दल सांगितलं, मी गुडघेदुखीबद्दल. तासाभरानं उठलो. त्यानं फाटकापर्यंत येऊन कडी काढली.

घरी आलो. बायकोनं विचारलं, कुठं गेला होतात? मी म्हणालो, असंच, बाजारात. मग न्हाणीत गेलो आणि हात साबणानं धुतले. वास घेऊन बघितला, आणि पुन्हा धुतले.